मुंबई ते कराची : एका अंतराचा इतिहास

तौलनिक साहित्याच्या तासाला मंटो शिकवताना त्याच्या चरित्रातला एक तपशील दरवर्षी सांगावा लागतो. १९४८ च्या आरंभी सआदत हसन मंटो मुंबई सोडून गेला तो आगबोटीने, कराचीला. आणि तेथून पुढे लाहोरला. एरवी हे वाक्य वहीत उतरून घेतले जाते आणि तास पुढे सरकतो. गेल्या वर्षी मात्र एका विद्यार्थिनीने मध्येच विचारले, "सर, मुंबईहून कराची नेमकी किती लांब आहे? बोटीनं का गेला तो?"

मला आकडा पाठ नव्हता. वर्गातल्या पाचसहा जणांनी भ्रमणध्वनी बाहेर काढले. अंतर लगेच सापडले : सरळ रेषेत सुमारे ८८० किलोमीटर. विमानाला लागणाऱ्या वेळेची मात्र दोन उत्तरे आली. एक उत्तर अंतराला वेगाने भागून काढलेले होते, साधारण दीड तास. दुसरे तिकिटे विकणाऱ्या संकेतस्थळाचे होते. त्यावर थेट विमान एकही नव्हते, आणि आखातातल्या एखाद्या शहरात उतरून पुढे जायचे तर कुठे नऊ-दहा तास, कुठे त्याच्या दुप्पट. "सर, यातलं खरं कोणतं?" असा पुढचा प्रश्न आला. त्या दिवशी मंटो तिथेच राहिला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे, वर्गात देता न आलेले, लांबलेले उत्तर आहे.

आरंभ नकाशापासून करू. शालेय नकाशावर मुंबईवरून कराचीपर्यंत दोरा ताणला, तर तो समुद्रावरून जाईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो खंबातच्या आखाताचे तोंड ओलांडून सौराष्ट्राच्या भूमीवर चढतो, कच्छचे आखात पार करतो, पश्चिम कच्छवरून सर क्रीक या वादग्रस्त खाडीच्या आसपास पोहोचतो आणि सिंधूच्या त्रिभुज प्रदेशावरून कराचीत उतरतो. हे ८८० किलोमीटर म्हणजे किती, हे समजण्यासाठी तुलना करून पाहावी. मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे ११४० किलोमीटर आहे. म्हणजे दिल्लीपेक्षा कराची आपल्याला जवळ. आणि कराचीच्या बाजूने पाहिले तर लाहोर सुमारे १०२० किलोमीटरवर. म्हणजे कराचीकराला स्वतःच्या देशातल्या लाहोरपेक्षा मुंबई जवळ. माझ्या वर्गातल्या एकाही विद्यार्थ्याला हे खरे वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही ते मोजून पाहिल्याशिवाय पटले नव्हते. अंतराविषयीची आपली जाणीव भूगोलाच्या पुस्तकातून येत नाही, ती येण्याजाण्यातून येते. येणेजाणे थांबले की गाव नकाशावर असते तिथेच राहते, पण मनात दूर सरकते. मराठीत 'अंतर' या शब्दाला 'अंतर देणे' असा आणखी एक प्रयोग आहे, त्याचा अर्थ सोडून देणे, दुरावणे. भाषेने ही गोष्ट आपल्या आधी ओळखलेली दिसते.

हे अंतर एका काळी एकाच राज्याच्या पोटातले अंतर होते, हे आज आपण जवळजवळ विसरलो आहोत. चार्ल्स नेपियरने १८४३ साली सिंध जिंकला. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडण्यात आला. आणि १ एप्रिल १९३६ रोजी तो वेगळा प्रांत झाला. म्हणजे सुमारे नव्वद वर्षे कराचीचा कारभार मुंबईच्या नावाने चालत होता. 'मुंबईच्या नावाने' असे मुद्दाम म्हणतो. कारण मुंबई सरकारला स्वतःलाच हे अंतर झेपत नव्हते. १८६८ च्या पाचव्या कायद्याने सिंधच्या कमिशनरला गव्हर्नरचे अनेक अधिकार बहाल करावे लागले. इलाख्यातल्या दुसऱ्या कोणत्याही कमिशनरच्या हाती एवढी सत्ता नव्हती. कागद मुंबईला जाऊन परत येईपर्यंत थांबणे राज्यकर्त्यांना परवडणारे नव्हते, ही त्या कायद्यामागची सरळ गोष्ट.

तरीही माणसे जात-येत होती, आणि त्यात मराठी माणसे होती. त्यांतले एक नाव मराठीच्या अभ्यासकांना माहीत असायला हवे, आणि ते फारसे माहीत नाही : नारायण जगन्नाथ वैद्य. सिंधच्या शिक्षण खात्यात ते उपनिरीक्षक होते. कराचीत १८५५ साली सुरू झालेली, सिंधमधली पहिली सरकारी शाळा त्यांच्या नावाने ओळखली जाते. आजही ती 'एन. जे. व्ही.' या आद्याक्षरांनीच कराचीत परिचित आहे. त्या आद्याक्षरांतला 'व्ही' म्हणजे वैद्य, हे तिथल्या किती मुलांना ठाऊक असेल हा प्रश्न सोडा. पुण्या-मुंबईच्या किती प्राध्यापकांना ठाऊक आहे, हा प्रश्न आपल्याला अधिक जवळचा आहे. सिंधी भाषा कोणत्या लिपीत लिहावी हा वाद त्या काळी पेटला होता. १८५३ मध्ये बार्टल फ्रियर कमिशनर असताना अरबी वळणाची लिपी सरकारी लिपी म्हणून ठरली. पुढे १८६० च्या दशकात सिंधी हिंदू व्यापाऱ्यांच्या वहीखात्यातल्या खुदाबादी लिपीला नेमके, शिकवण्याजोगे रूप देण्याचे काम याच वैद्यांकडे आले. परक्या भाषेच्या अक्षरांना मात्रा-वेलांट्या बसवीत बसलेला हा मराठी माणूस मला फार मोलाचा वाटतो. हाच फ्रियर १८६२ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला आणि मुंबईच्या कोटाच्या भिंती त्याच्याच काळात पडल्या. कराचीतला फ्रियर हॉल १८६५ चा. दोन्ही शहरांच्या रूपावर त्याची छाप अशी एकाच दशकात पडलेली आहे.

दुसरा दाखला बेने इस्राएली समाजाचा. कोकणातल्या, विशेषतः अलिबाग परिसरातल्या, मराठी बोलणाऱ्या या ज्यू समाजातली बरीच कुटुंबे नोकरीनिमित्त कराचीला गेली. तिथले मागेन शालोम हे प्रार्थनामंदिर १८९३ साली बांधले गेले आणि ते बांधणाऱ्याचे नाव सॉलोमन डेव्हिड उमरडेकर. आडनावाच्या शेवटी 'कर' घेऊन हा माणूस अरबी समुद्राच्या वरच्या टोकाला मंदिर बांधत होता. १९८८ मध्ये ते पाडण्यात आले.

विद्यापीठाचे उदाहरण तर आपल्या व्यवसायातलेच आहे. कराचीचे डी. जे. सिंध कॉलेज १८८७ साली स्थापन झाले ते मुंबई विद्यापीठाला संलग्न म्हणून. पुढे १९२१ मध्ये निघालेले एन. ई. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयही मुंबईलाच जोडलेले होते. सिंधचे स्वतःचे विद्यापीठ १९४७ मध्ये निघाले. म्हणजे साठ वर्षे कराचीचा मुलगा पदवीधर होई तो मुंबईच्या मोहोरेने. संलग्नीकरणाच्या समित्यांच्या फेऱ्या ज्यांनी अनुभवल्या आहेत, त्यांना दोन दिवसांच्या समुद्रप्रवासापलीकडच्या विद्यापीठाशी पत्रव्यवहार करणाऱ्या प्राचार्यांविषयी सहानुभूती वाटल्यावाचून राहणार नाही.

दोन दिवस हा त्या काळचा मापदंड. समुद्रमार्गे मुंबई-कराची अंतर सुमारे पाचशे सागरी मैल. आगबोटीला दीड ते दोन दिवस पुरत. रेल्वेची कथा अधिक चमत्कारिक आहे. मुंबईहून अहमदाबादपर्यंत रुंद रूळ, तेथून मारवाड, लूणी, बाडमेर असे वाळवंट तुडवीत मुनाबाव-खोखरापारवरून मीरपूरखास आणि सिंधमधल्या हैदराबादपर्यंत मीटर गेजचे अरुंद रूळ, मग पुन्हा रुंद रूळ आणि सिंधू ओलांडून कराची. दोनदा गाडी बदलायची, सामान दोनदा उतरवायचे. मुंबई आणि सिंध यांना जोडणारा सलग रुंद रुळाचा मार्ग टाकावा अशी योजना वारंवार मांडली गेली, पाहण्याही झाल्या, आणि तो मार्ग कधीच झाला नाही. कराची बंदर एडनला आणि म्हणून सुएझला मुंबईपेक्षा सुमारे दोनशे मैलांनी जवळ. पंजाबचा गहू आणि कापूस कराचीहून जाऊ लागल्यावर दोन बंदरांत जी चुरस सुरू झाली, ती पाहता मुंबईच्या व्यापाऱ्यांना हा रूळ लवकर व्हावा अशी घाई नसावी, असा माझा तर्क आहे.

अंतर हा मग राजकारणातला युक्तिवाद झाला. १९१३ साली काँग्रेसचे अधिवेशन कराचीला भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष हरचंदराय विशिनदास यांनी सिंधचे भौगोलिक आणि सांस्कृतिक वेगळेपण मांडले. सिंध वेगळा प्रांत व्हावा या मागणीत पुढे धर्माचे, जमीनदारीचे, नोकऱ्यांचे कितीतरी प्रश्न मिसळले. हरचंदरायांसारख्या हिंदू नेत्याने प्रथम मांडलेली गोष्ट पुढे मुख्यतः मुस्लिम नेत्यांची मागणी झाली आणि सिंधी हिंदू तिला विरोध करू लागले. पण मुंबई दूर आहे, तिथल्या कौन्सिलात आपले म्हणणे पोहोचत नाही, ही तक्रार तिच्या मुळाशी आरंभापासून होती. गंमत अशी की गुलाम हुसेन हिदायतुल्ला आणि शाहनवाज भुट्टो हे सिंधी नेते याच मुंबई सरकारात अधिकारपदांवर होते.

आणि या युक्तिवादाला नेमके यश येण्याच्या सुमारास ते अंतर एकदम आक्रसले. येथे थोडे थांबले पाहिजे.

लंडनहून कराचीपर्यंत इम्पीरियल एअरवेजची विमानसेवा १९२९ च्या मार्चअखेरीस सुरू झाली. हिंदुस्थानचे हवाई प्रवेशद्वार मुंबई न होता कराची झाले, ते तिच्या पश्चिमेकडच्या स्थानामुळे. हवाईजहाजांचा, म्हणजे वायूने फुगवलेल्या अजस्र फुग्यांचा, मार्गही कराचीलाच यायचा होता. त्यासाठी तिथे प्रचंड तबेला बांधून ठेवला होता. आर-१०१ हे जहाज कराचीकडे निघाले आणि ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये कोसळून ४८ माणसे दगावली. तो तबेला नंतर कित्येक वर्षे रिकामा उभा होता.

लंडनची टपाल कराचीला विमानाने लवकर येई. तेथून मुंबईला, मद्रासला मात्र ती पुन्हा रेल्वेच्या स्वाधीन होई. ही त्रुटी हेरली नेव्हिल व्हिन्सेंट या इंग्रज वैमानिकाने आणि जे. आर. डी. टाटांनी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. कराचीच्या ड्रिघ रोड तळावरून एकटे निघाले. विमान एका इंजिनाचे, 'पस मॉथ' जातीचे. सोबत पंचवीस किलोंच्या आसपास टपाल. संदेशवहनाचे यंत्र नाही, खाली वाट दाखवणारे दिवे नाहीत. अहमदाबादला ते उतरले तेव्हा इंधनाचे डबे बैलगाडीतून विमानापाशी आणण्यात आले. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूच्या चिखलाच्या पट्टीवर ते उतरले. पुढची टपाल घेऊन व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. जुहूचा तळ पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून ते चार महिने पुण्याच्या येरवड्याहून विमाने उडवावी लागत. आपल्याकडच्या नागरी विमानवाहतुकीचा इतिहास लिहिताना ही गोष्ट नेहमी सांगितली जाते आणि ती उद्योगाच्या आरंभाची कथा म्हणून सांगितली जाते. मला ती येथे वेगळ्या कारणासाठी हवी आहे. मधला थांबा, बैलगाडी, इंधन भरणे, सगळे धरून कराची-मुंबई हा प्रवास त्या दिवशी सव्वासात तासांत झाला.

हा आकडा लक्षात ठेवावा, त्याकडे परत यायचे आहे.

चौदा-पंधरा वर्षांत डाकोटा विमाने आली. सरळ मार्गाने त्यांना तीन-सव्वातीन तास पुरत. आणि वेग वाढला त्याच सुमारास फाळणी झाली. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली. तोवर सिंधी हिंदूंची बरीच कुटुंबे थांबून होती, पंजाबसारखी कत्तल सिंधमध्ये झालेली नव्हती. त्या दिवसानंतर मात्र कराची बंदरावर मुंबईकडे येणाऱ्या बोटींसाठी रांगा लागल्या. याच दिवसांत मंटोची बोट उलट दिशेने जात होती. समुद्रात या बोटी एकमेकींच्या जवळून गेल्या असतील. मुंबईला उतरलेल्यांना कल्याणजवळच्या, महायुद्धात उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत ठेवण्यात आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे उल्हासनगरची कोनशिला बसली. कराचीत बंबई बाजार आहे, आपल्याकडे मिठाईच्या दुकानात तोच तकाकणारा चिवट हलवा कोणी कराची हलवा म्हणून विकतो, कोणी बॉम्बे हलवा म्हणून. नावांपुरती ये-जा अजून शिल्लक आहे.

फाळणी झाली आणि अंतर वाढले, असे एका वाक्यात सांगून मोकळे होता आले असते, पण इतिहास असा सरळ चालत नाही. १९६५ पर्यंत मुंबई-कराची प्रवासी बोटी चालू होत्या. खोखरापारची गाडीही चालू होती. नातलग येत, लग्ने होत. १९६५ च्या युद्धाने बोटी थांबल्या आणि वाळवंटातले रूळ तुटले. ते रूळ पुन्हा जोडले जायला चाळीस वर्षे लागली : थर एक्सप्रेस १८ फेब्रुवारी २००६ रोजी सुरू झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा बंद पडली.

आकाशाची कहाणी अशीच उघडझापीची. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगर-जम्मू मार्गावरचे भारतीय विमान पळवून लाहोरला नेण्यात आले आणि तिथे जाळण्यात आले. भारताने ४ फेब्रुवारीपासून आपल्या हद्दीवरून पाकिस्तानी विमानांना बंदी केली. तेव्हा पाकिस्तान एक देश होता आणि त्याचे दोन भाग भारताच्या दोन बाजूंना होते. कराची-ढाका हे सुमारे २३५० किलोमीटरांचे अंतर. ते आता श्रीलंकेला वळसा घालून जवळजवळ दुप्पट झाले. त्या वर्षी पूर्व बंगालात जे घडले त्याची कारणे कितीतरी खोल होती. परंतु एका राष्ट्राच्या दोन शहरांमधला प्रवास कागदावरच्या एका आज्ञेने दुप्पट होऊ शकतो, हे तेव्हा दिसले. विमानसेवा पुन्हा सुरू झाली ती जुलै १९७६ मध्ये. मग संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून बंदी, १ जानेवारी २००४ पासून पुन्हा सुरुवात. कराची-मुंबई थेट उड्डाण पाकिस्तानची विमान कंपनी चालवीत असे. २०१७ मध्ये तेही थांबले. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आपले आकाश जुलैच्या मध्यापर्यंत मिटून घेतले. पहलगामच्या हत्याकांडानंतर, २४ एप्रिल २०२५ रोजी, पाकिस्तानने भारतीय विमानांना आणि ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांना आकाश बंद केले. ही बंदी मग महिन्यामहिन्याने वाढवली जात राहिली.

मधल्या चांगल्या दिवसांत थेट विमान होते, तेव्हा घड्याळाची एक मौज असे. पाकिस्तानने १९५१ पासून आपली वेळ भारतापेक्षा अर्धा तास मागे ठेवली आहे. मुंबईहून दहाला निघालेले विमान दीड तास उडून कराचीला अकरालाच पोहोचे. या बाबतीत मुंबईने कोणाला हसू नये; तिने स्वतः 'बॉम्बे टाइम' या नावाने हिंदुस्थानच्या प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत जपून ठेवली होती.

आता त्या वर्गातल्या प्रश्नाकडे येता येईल. दुबईमार्गे जायचे तर मुंबई-दुबई सुमारे १९३०, दुबई-कराची सुमारे ११९० किलोमीटर : मिळून ३१२०. म्हणजे ८८० किलोमीटरांसाठी त्याच्या साडेतीनपट प्रवास. नुसते आकाशात घालवायचे तासच पाच होतात. दुबईतले थांबणे धरले की सात-सव्वासात तासांच्या आत क्वचितच कोणी पोहोचेल. टाटांचे ते एका इंजिनाचे विमान, बैलगाडीतल्या इंधनावर, आजच्या प्रवाशाला मागे टाकते. याला विनोद म्हणावे की काय, मला कळत नाही. जे. आर. डी. यांनी १९६२ मध्ये आणि पुन्हा १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, लहानशा जुन्या विमानातून ते उड्डाण कराचीहून मुंबईला करून दाखवले. दोन युद्धे मध्ये होऊन गेलेली असतानाही १९८२ साली एक म्हातारा माणूस परवानगी मिळवून हे अंतर ओलांडू शकत होता.

परवानगी हाच खरा शब्द. कराचीतला भारताचा वाणिज्य दूतावास १९९४ मध्ये बंद झाला. तेव्हापासून मुंबईला यायचे तर कराचीच्या माणसाचा अर्ज हजारभर किलोमीटर उत्तरेला, इस्लामाबादला जाई. आग्नेयेला असलेल्या गावासाठी उत्तरेचा उंबरठा झिजवायचा. व्हिसा मिळाला तरी तो देशाचा नसे, नाव घातलेल्या शहरांचा असे, आणि पोचल्यावर पोलिसांत वर्दी द्यावी लागे. हा प्रवासाचा वेळ कोणत्याही संकेतस्थळावर मोजलेला नसतो. तो आठवड्यांत आणि महिन्यांत मोजावा लागे.

या सगळ्याची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. नोव्हेंबर २००८ मध्ये दहा माणसे कराचीहून समुद्रमार्गे निघाली, वाटेत 'कुबेर' ही मासेमारी बोट त्यांनी ताब्यात घेतली, आणि २६ तारखेच्या रात्री कुलाब्याजवळ बधवार पार्कच्या कोळीवाड्यापाशी ती उतरली. १६६ माणसे मारली गेली. त्यांना व्हिसा लागला नाही, दुबईला उतरावे लागले नाही. आगबोटींच्या, निर्वासितांच्या, मंटोच्या त्या जुन्या जलमार्गाचे नाव आज मुंबईत कोणी काढले तर आठवण येते ती याच बोटीची. आणि ज्यांची माणसे त्या रात्री गेली, त्यांच्यापुढे अंतर कमी व्हावे अशी भाषा मला करवत नाही. दारे बंद ठेवण्यामागे भीती असते, आणि ती भीती कल्पनेतली नसते. तेवढेच खरे हेही आहे की बंद दारांचा भार ज्यांच्यावर पडतो, ते भलतेच लोक असतात.

ते लोक कोण, हे पाहायला लांब जावे लागत नाही. आपल्या पालघर जिल्ह्यातले खलाशी गुजरातच्या बोटींवर मजुरीने जातात. सर क्रीकच्या तोंडाशी समुद्रातली सीमा कधी ठरलीच नाही. त्या वादात पुरावा म्हणून आजही ज्याचा आधार घेतला जातो, तो १९१४ चा ठराव मुंबई सरकारचाच आहे. तेव्हा तो कच्छ संस्थान आणि मुंबई इलाख्यातला सिंध यांच्यातला घरगुती तंटा होता. पाण्यावर रेघ नसते, मासळीमागे बोट पुढे जाते आणि पाकिस्तानची सागरी सुरक्षा नौका तिला धरून कराचीला नेते. (पलीकडचे कोळी आपल्याकडे असेच धरले जातात.) शिक्षा काही महिन्यांची, पण कराचीच्या मलीर तुरुंगातला मुक्काम अनेकांच्या बाबतीत वर्षानुवर्षे लांबतो. काहींचे तिथेच निधन होते.

सुटका होते तेव्हा ती सहसा गटागटाने होते. कराचीहून थेट बोट नाही, थेट विमान नाही. म्हणून या माणसांना कराचीहून गाडीत बसवून सुमारे बाराशे किलोमीटरवर लाहोरला नेतात, तेथून वाघा. वाघ्याला सीमा पायी ओलांडायची. अटारीला कागद, तपासण्या. मग अमृतसर, आणि अमृतसरहून पश्चिम किनाऱ्याकडे रेल्वेने पुन्हा अठराशेच्या घरात किलोमीटर. ज्या ठिकाणी ते धरले गेले तेथून त्यांचे गाव बोटीने दोन-तीन दिवसांच्या वाटेवर होते. समुद्रावर जगणारी ही माणसे हिमालयाच्या पायथ्याच्या अंगाने, पंजाबच्या शेतांमधून, जन्मात प्रथमच एवढी जमीन पाहत घरी येतात. बोटी बहुधा कराचीतच राहतात.